घोड्याच्या दाणा-वैरणीचा हिशेब
(माढा तालुक्यातील घोडेपाळांसाठी व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी)

माढा तालुक्यात बैलांच्या व दुभत्या जनावरांच्या वैरणीचा हिशेब बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ असतो. घोड्याच्या वैरणीचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडून ठेवतो. घोडे हे हौसेचे जनावर, त्याच्या खाण्यापिण्याचा हिशेब काय करावयाचा, अशी समजूत अद्याप आढळते. ज्या कुटुंबाचा चरितार्थ अंशतः घोड्यावर चालतो, त्या कुटुंबास ही समजूत महाग पडते. खरेदीची किंमत एकदाच द्यावयाची असते. दाणा-वैरणीचा खर्च रोज उगवतो. तो झेपेनासा झाला म्हणजे प्रथम दाणा तुटतो, मग वैरण कमी होते, जनावर खंगते आणि अखेर पडत्या किंमतीस विकावे लागते. म्हणून घोडे घेण्यापूर्वीच वर्षाचा हिशेब कसा मांडावा, त्यात काटकसर कोठे करता येते आणि कोठे करू नये, याचे विवेचन या लेखात केले आहे.

आपल्या भागातील घोडे

२०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख आढळले. २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट सुमारे ४५ टक्के होती. टांगे गेले, ओझ्याची वाहतूक मोटारींकडे गेली, हे त्याचे उघड कारण होय. तरीही घोडे आपल्या जिल्ह्यातून नाहीसे झालेले नाही. मेंढ्यांचे कळप घेऊन दूरवर जाणारी धनगर कुटुंबे आपला संसार, कोकरे व लहान मुले घोड्यावर लादून वाट चालतात. लग्नसराईत वरातीसाठी घोडी लागते. आषाढी वारीतील रिंगणात अश्व धावतो. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या माळशिरस तालुक्यात अकलूज येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि आपल्या तालुक्यातील हौशी व व्यावसायिक दोन्ही प्रकारचे लोक तेथे खरेदीस जातात.

भीमेच्या खोऱ्यातील काटक, मध्यम उंचीचे घोडे भीमथडी या नावाने पूर्वापार प्रसिद्ध आहे. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या नोंदीत ती एक स्वतंत्र देशी जात म्हणून समाविष्ट आहे. या घोड्याचा मोठा गुण असा की, मोठ्या अंगाच्या घोड्याच्या मानाने ते थोडक्यात भागवते. परंतु थोडक्यात भागवणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे. ‘आमचे तट्टू कशावरही जगते’ असे म्हणणाऱ्या मालकाच्या घोड्याच्या बरगड्या दुरून मोजता येतात, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव पाहिले असेल.

इतिहासातील धडा

घोडे कोणाच्या खर्चाने खाते, हा प्रश्न मराठी मुलखास नवा नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराचे घोडे सरकारी पागेचे असे आणि त्याचा खर्च सरकार सोशी. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येई व त्याची वैरण स्वतःच पाही. पागेच्या घोड्याच्या दाण्यासाठी सरकारी कोठी असे. शिलेदारास आपला हिशेब आपणच सांभाळावा लागे. आजचा प्रत्येक घोडेमालक हा या अर्थाने शिलेदार आहे.

इ. स. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा व गवत आताच मन मानेल तसे उधळले, तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग लष्कराचे लोक रयतेच्या दाण्या-वैरणीस हात घालू लागतील. रात्री दिवे उघडे ठेवू नयेत, नाही तर गवताच्या गंजीस आग लागून सर्व नाश होईल, अशीही ताकीद त्यात आहे. साठा किती, दिवस किती आणि रोजचा खर्च किती, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, हा त्या पत्राचा आर्थिक अर्थ होय. आजच्या हिशेबातही याच तीन गोष्टी मुख्य आहेत.

बैलाचा नियम घोड्यास लागू नाही

घोडे रवंथ करीत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते. वैरणीतील तंतुमय भाग जठरात न पचता पुढे मोठ्या आतड्यात आंबतो व तेथे पचतो. यातून चार गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, तीच वैरण बैल जितकी पचवितो तितकी घोडे पचवीत नाही. दुसरी, लहान जठरामुळे घोड्यास थोडे थोडे व अनेकदा खावे लागते. दिवसातून एकदाच मोठा दाणा देणे हे त्याच्या प्रकृतीविरुद्ध आहे. तिसरी, घोड्यास उलटी होत नाही. चुकीचे वा कुजके खाद्य एकदा पोटात गेले म्हणजे ते बाहेर टाकण्याचा मार्ग नसतो, म्हणून पोटशूळ हा घोड्याचा घातक विकार ठरतो. चौथी, युरिया प्रक्रिया केलेल्या काडाचा जो लाभ गुरांना होतो तो घोड्यास होत नाही. तशी वैरण घोड्यास घालू नये.

वजन व गरज

खुराक वजनावर ठरतो. काटा नसल्यास फितीने वजनाचा अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत अंगाची लांबी घ्यावी. घेर × घेर × लांबी या गुणाकारास ११,८८० ने भागले म्हणजे किलोग्रॅममध्ये अंदाजे वजन येते. उदाहरणार्थ, घेर १४५ व लांबी १३५ असेल तर १४५ × १४५ × १३५ ÷ ११,८८० = सुमारे २३९. ही घोडी २४० किलोची धरावी. पुढील सर्व हिशेब अशाच घोडीचा आहे. जनावर अधिक मोठे असल्यास त्या प्रमाणात आकडे वाढवावेत.

घोड्यास दर १०० किलो वजनामागे रोज २ ते २.५ किलो शुष्क खाद्य लागते. म्हणजे आपल्या घोडीस ४.८ ते ६ किलो. यात निदान निम्मा भाग वैरणीचा असलाच पाहिजे. अधिक असल्यास उत्तम.

बिनकामाच्या दिवशी २४० किलोच्या घोडीस सुमारे ८ मेगाकॅलरी पचनीय ऊर्जा व सुमारे ३०० ग्रॅम प्रथिने पुरतात. मध्यम काम, म्हणजे रोज काही तास ओझे किंवा स्वार वाहणे, असेल तर ऊर्जा ११ मेगाकॅलरीच्या वर व प्रथिने सुमारे ३७० ग्रॅम लागतात. गाभण घोडीची गरज शेवटच्या तीन महिन्यांत वाढत जाते आणि शिंगरू पाजणाऱ्या घोडीची गरज बिनकामाच्या घोडीच्या जवळजवळ दुप्पट होते. शिंगराचा नफा डोळ्यापुढे ठेवून घोडी भरविणाऱ्यांनी हा दुप्पट खर्च आधीच धरावा.

कोणते खाद्य खरोखर स्वस्त?

आपला तालुका अवर्षणप्रवण विभागात मोडतो. येथील मुख्य वैरण रब्बी ज्वारीचा कडबा. मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवड पद्धतीने सिद्ध झालेली मालदांडी ३५-१ ही जात धान्य व कडबा या दोन्हींसाठी आजही शेतकऱ्यांस प्रिय आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भीमाकाठी व कालव्यांखाली ऊस वाढला. त्याबरोबर उसाचे वाढे आणि संकरित नेपिअरसारखी हिरवी वैरणही आली. ती गुरांना सोयीची असली तरी घोड्याच्या बाबतीत तिचा विचार निराळा करावा लागतो. तो पुढे येईल.

एखादे खाद्य स्वस्त की महाग, हे किलोच्या भावावरून ठरत नाही. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा व प्रथिनांचा भाव काढावा. पुढील उदाहरणात धरलेले भाव केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने कुर्डुवाडी, माढा, टेंभुर्णी किंवा आपल्या जवळच्या बाजारातील त्या आठवड्याचा भाव घालून हिशेब नव्याने करावा. पोषणाचे आकडेही अंदाजी आहेत. प्रतीप्रमाणे ते कमीअधिक होतात.

कडबा : शेकडा २,००० रु., पेंढी २ किलोची, म्हणजे किलोस १० रु. एका किलोत ऊर्जा सुमारे १.६ मेगाकॅलरी, प्रथिने ३६ ग्रॅम. दर मेगाकॅलरीस ६.२५ रु.; १०० ग्रॅम प्रथिनांस २८ रु.
हिरवा लसूणघास : किलोस ५ रु. एका किलोत ऊर्जा ०.५ मेगाकॅलरी, प्रथिने ४२ ग्रॅम. दर मेगाकॅलरीस १० रु.; १०० ग्रॅम प्रथिनांस १२ रु.
ज्वारी : किलोस ३५ रु. ऊर्जा ३.२ मेगाकॅलरी, प्रथिने ९० ग्रॅम. दर मेगाकॅलरीस सुमारे ११ रु.; १०० ग्रॅम प्रथिनांस ३९ रु.
हरभरा : किलोस ६० रु. ऊर्जा ३.२ मेगाकॅलरी, प्रथिने १८५ ग्रॅम. दर मेगाकॅलरीस सुमारे १९ रु.; १०० ग्रॅम प्रथिनांस ३२ रु.

यावरून स्पष्ट होते की, ऊर्जा कडब्यातून स्वस्त पडते आणि प्रथिने लसूणघासातून. घोड्यास हरभरा दिलाच पाहिजे हा जुना दंडक आहे व हरभरा हे उत्तम खाद्य आहे, यात संशय नाही; परंतु धरलेल्या भावाने तो ऊर्जेसाठी सर्वांत महाग ठरतो. म्हणून त्याचा वापर कामाच्या दिवसांपुरता व बेताने करावा. हुलगा स्वस्त मिळाल्यास भरडून व भिजवून हरभऱ्याच्या जागी द्यावा.

रोजचा खुराक

(अ) बिनकामाचा दिवस
कडबा, नासाडीसह ४.५ किलो : ४५ रु.
हिरवा लसूणघास ४ किलो : २० रु.
मीठ व खनिज मिश्रण : २ रु.
एकूण : ६७ रु.

दहावा हिस्सा नासाडी वजा जाता घोडी सुमारे ४ किलो कडबा खाते. त्यातून ६.४ व लसूणघासातून २ अशी ८.४ मेगाकॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिने सुमारे ३१० ग्रॅम होतात. दाण्याशिवाय गरज भागते.

(आ) कामाचा दिवस
वरील खुराक : ६७ रु.
हरभऱ्याचा भरडा अर्धा किलो : ३० रु.
ज्वारीचा भरडा अर्धा किलो : १७.५० रु.
एकूण : ११४.५० रु.

यातून सुमारे ११.६ मेगाकॅलरी ऊर्जा व ४४० ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. हरभरा फारच महाग असेल तर एक किलो ज्वारीचा भरडाच द्यावा. प्रथिने तरीही ४०० ग्रॅमच्या आसपास राहतात आणि दर कामाच्या दिवसामागे १२.५० रुपये वाचतात. ज्वारी मात्र सबंध देऊ नये. तिचा दाणा लहान व कठीण असल्याने न चावता लिदीतून तसाच बाहेर पडतो.

लसूणघास उपलब्ध नसलेल्या काळात चांगला वाळविलेला लसूणघास किंवा बुरशी नसलेला भुईमुगाचा पाला काही प्रमाणात द्यावा. शेताच्या बांधावरील हरळी घोड्यास फार मानवते. ती कापून आणल्यास कडबा त्या मानाने कमी करता येतो. मात्र नुकतीच औषध फवारणी झालेल्या पिकाच्या बांधावरून ती आणू नये.

वर्षाचा हिशेब

वर्षात १२० दिवस काम आहे असे धरू.
कामाचे दिवस : १२० × ११४.५० = १३,७४० रु.
बिनकामाचे दिवस : २४५ × ६७ = १६,४१५ रु.
वर्षाचे खाद्य : ३०,१५५ रु.

आता जुन्या रिवाजाने, काम असो वा नसो, कडब्याबरोबर रोज दीड किलो हरभरा दिल्यास काय होते ते पाहावे. रोजचा खर्च ४५ + ९० = १३५ रु. व वर्षाचा ४९,२७५ रु. होतो. म्हणजे १९,१२० रुपये जास्त. शिवाय बिनकामाच्या दिवशी तो जास्तीचा दाणा अंगावर चढतो. बसून खाणाऱ्या घोड्यास खूर सुजण्याचा विकार जडतो आणि मग उपचाराचा खर्च निराळाच. घोड्यावर प्रेम आहे म्हणून तोबरा भरणे योग्य नव्हे. काम पाहून तोबरा भरावा.

खाद्याखेरीज नालबंदी, जंतांचे औषध, लसी, दोर-सामान असा खर्च असतो. तो उदाहरणापुरता वर्षास ६,००० रु. धरू. एकूण ३६,१५५ रु. झाले. १२० दिवस काम मिळाल्यास दर दिवशी निदान ३०१ रु. हाती उरले, तरच केवळ घोडीचा खर्च निघतो. यात मालकाची मजुरी, खरेदीच्या रकमेचे व्याज व जनावराची घट धरलेली नाही.

हेच काम केवळ लग्नसराईचे ४० दिवस मिळाले तर काय होईल?
४० × ११४.५० = ४,५८० रु.
३२५ × ६७ = २१,७७५ रु.
खाद्य २६,३५५ रु. व इतर खर्च ६,००० रु. मिळून ३२,३५५ रु.

कामाचे दिवस एक तृतीयांश झाले, पण खर्च केवळ ३,८०० रुपयांनी घटला. आता प्रत्येक कामाच्या दिवसाने निदान ८०९ रु. दिले पाहिजेत. उभे असलेले घोडेही खातच असते. म्हणून बाजारात कर्ज काढून वरातीसाठी घोडी घेण्यापूर्वी वर्षात किती तारखा खात्रीने मिळतील, हे कागदावर लिहावे. गावातील दुसऱ्याच्या घोडीस किती वराती मिळाल्या, हे ऐकून निर्णय करू नये. त्या तारखा आता दोघांत वाटल्या जाणार आहेत.

कित्येक शेतकरी म्हणतात, ‘कडबा घरचा आहे, त्याचा खर्च कसला?’ ही हिशेबातील चूक होय. घरचा कडबा विकला असता तर जो भाव आला असता, तोच त्याचा खर्च. घोडीस घातलेली प्रत्येक पेंढी म्हणजे न विकलेली पेंढी असे समजून ती वहीत मांडावी.

साठा : केव्हा व किती

आपल्या घोडीस वर्षास ४.५ × ३६५ म्हणजे सुमारे १,६४० किलो कडबा लागतो. दोन किलोची पेंढी धरल्यास ८२० पेंढ्या; साठवणीतील घट धरून ९०० पेंढ्यांची तजवीज करावी. साधारण पावसाच्या वर्षी मध्यम जमिनीतील एक एकर रब्बी ज्वारी यास अंदाजे पुरी पडते. लसूणघासासाठी पाण्याखालील दोन गुंठे जागा पुरेशी आहे. राहुरी कृषी विद्यापीठाची आर. एल.-८८ ही जात आपल्याकडे लावली जाते. पहिली कापणी सुमारे दोन महिन्यांनी व पुढील कापण्या तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने मिळतात. दोन गुंठ्यांचे चार-पाच वाफे पाडून ते पाळीने कापल्यास रोज हिरवी वैरण मिळत राहते.

कडबा विकत घेणाराने तो काढणीनंतर लगेच, फाल्गुन-चैत्रात घ्यावा. शेकडा २,००० चा भाव पावसाळ्याच्या तोंडी ३,००० झाला, तर रोजचा कडबा ४५ ऐवजी ६७.५० रु. पडतो व चार महिन्यांत २,७०० रुपये अधिक जातात. दुष्काळी वर्षी भाव दुप्पट होऊन वर्षभर तसाच राहिला, तर १६,४२५ रुपयांचा जादा बोजा पडतो. २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत आपल्या जिल्ह्यात गुरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा प्रसंगाच्या भरवशावर घोडे पाळता येत नाही. त्याची तजवीज मालकाने स्वतःच करून ठेवावी.

कडबा शेकड्यावर घेताना दहा पेंढ्या निवडून वजन करावे व सरासरी काढावी. शेकड्याचा भाव सारखाच, पण एकाची पेंढी दोन किलोची व दुसऱ्याची दीड किलोची असेल, तर दुसऱ्याचा कडबा किलोस १० ऐवजी १३ रुपयांच्या वर पडतो. गंज उंच जागी, दगड-लाकडाच्या थरावर रचावी व वरून नीट शाकारावी. गंजीजवळ चूल, विडी व उघडी वीजतार नसावी. कडब्याची कुट्टी करून गव्हाणीत घालावी. आख्ख्या पेंढ्या जमिनीवर टाकल्यास चौथा हिस्सा पायदळी जातो आणि वर्षाकाठी सुमारे ३,००० रुपयांची नासाडी होते. कुट्टी फार बारीक व धुळकट करू नये. धूळ असल्यास पाण्याचा हबका मारावा.

स्वस्त दिसणारे पण घातक खाद्य

काटकसरीच्या भरात पुढील खाद्ये घोड्यापुढे येतात. यांपैकी काही प्राण घेतात, म्हणून हा भाग कार्यकर्त्यांनी गावात वाचून दाखवावा.

१. कोंबड्यांचे उरलेले खाद्य : त्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे असू शकतात. कोंबड्यांस ती उपयुक्त असली तरी घोड्याच्या हृदयावर त्यांचा घातक परिणाम होतो. काही पशुखाद्यांतही मोनेन्सिन घातलेले असते. पोत्यावरील मजकूर वाचल्याखेरीज गुरांचे खाद्यही घोड्यास देऊ नये. खाद्य कालविण्याचे घमेलेही वेगळे ठेवावे.

२. बुरशी आलेली मका : अशा मक्यातील एका विषाने घोड्याचा मेंदू मऊ पडून ते झपाट्याने दगावते. बुरशीचे दाणे निवडून उरलेला मका देणेही सुरक्षित नाही. चांगला, कोरडा मका मात्र भरडून ज्वारीच्या जागी देता येतो व पुष्कळदा स्वस्त पडतो.

३. कोवळी हिरवी ज्वारी व खोडव्याचे फुटवे : यांत विष असते. शिवाय हिरव्या ज्वारीवर व तत्सम गवतावर सतत चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह व मागील पायांची दुर्बलता आढळते. पूर्ण वाढलेला, नीट वाळलेला कडबाच द्यावा.

४. उसाचे वाढे व संकरित नेपिअर : यांतील ऑक्झलेटमुळे वैरणीतील चुना अंगी लागत नाही. हीच मुख्य वैरण झाली तर हाडे पोकळ होऊन तोंडाची हाडे सुजतात व घोडे लंगडू लागते. अडचणीच्या दिवसांत थोडे वाढे देणे व वर्षभर त्यावरच घोडे ठेवणे, यांत अंतर आहे.

५. केवळ गव्हाचा कोंडा : कोंड्यात स्फुरद फार व चुना अगदी थोडा असतो. रोज जास्त कोंडा घातल्यास वरीलप्रमाणेच हाडांचा विकार होतो. लसूणघासात चुना भरपूर असल्याने तो नियमित दिल्यास ही उणीव बरीच भरून निघते.

खुराक देण्याची रीत

दिवसाचा खुराक निदान तीन वेळा विभागून द्यावा व वैरणीचा मोठा वाटा रात्री घालावा. दाण्यापूर्वी वैरण व पाणी द्यावे. एका वेळी अर्ध्या किलोहून अधिक दाणा देण्याचे आपल्या घोडीस कारण पडत नाही. पोटभर दाणा खाल्ल्यावर लगेच कामास जुंपू नये. खाद्यात कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. बाजारातून आणलेल्या घोड्यास पूर्वीच्या मालकाकडे काय खाणे होते ते विचारून पहिले काही दिवस तेच द्यावे.

या घोडीस विश्रांतीच्या दिवशी निदान १२ ते १५ लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात व कामाच्या दिवशी ही गरज दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. कोरड्या कडब्यावर असलेल्या घोड्यास पाणी कमी पडले तर आतड्यात वैरण अडकते. मीठ रोज २५ ते ३० ग्रॅम द्यावे. घाम फार गेल्यास थोडे वाढवावे.

खुराक पूर्ण देऊनही घोडे उतरत असेल, तर दाणा वाढविण्यापूर्वी दात व जंत पाहावे. दाढांस धार आली असल्यास घोडे चावलेल्या वैरणीचा चोथा तोंडातून खाली टाकते. अशा वेळी अधिक दाणा म्हणजे अधिक नासाडी. अंगाची स्थिती हाताने पाहावी. बरगड्या डोळ्यांस दिसू नयेत, पण हात फिरविताच बोटांस लागाव्यात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १ ते ९ गुणांच्या पद्धतीत हीच स्थिती मधली, म्हणजे ५ गुणांची, मानली जाते.

घोडे पुढच्या पायाने जमीन उकरू लागले, वारंवार कुशीकडे पाहू लागले, लोळू लागले, घामाघूम झाले किंवा लीद टाकीनासे झाले, तर तो पोटशूळ समजावा. गव्हाण तत्काळ रिकामी करावी आणि पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. तोंडात तेल किंवा काढा ओतू नये. तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. यात काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. गावातील घोडेमालकांची यादी करावी व प्रत्येक घोड्याचे फितीने वजन काढून मालकाच्या वहीत लिहून द्यावे. हे माप दर महिन्यास पुन्हा घ्यावे.
२. तालुक्याच्या बाजारातील कडबा, ज्वारी, मका, हरभरा यांचे भाव दर पंधरवड्यास फलकावर लिहावेत व या लेखातील रीतीने दर मेगाकॅलरीचा भाव काढून दाखवावा.
३. फाल्गुनात प्रत्येक मालकाकडील पेंढ्या मोजून त्या किती दिवस पुरतील ते सांगावे. तूट असल्यास खरेदी त्याच महिन्यात करावयास लावावी.
४. स्थलांतर करणाऱ्या धनगर कुटुंबांस वाटेवरील पशुवैद्यकीय दवाखान्यांची माहिती द्यावी आणि निघण्यापूर्वी घोड्यांस धनुर्वाताची लस व जंतांचे औषध मिळेल अशी व्यवस्था करावी.
५. दिवाळीपूर्वी, म्हणजे अकलूजचा बाजार भरण्याआधी, घोडे घेऊ इच्छिणाऱ्यांची एक बैठक घ्यावी. तीत प्रत्येकाने आपल्या कामाचे अपेक्षित दिवस, घरचा चारा व विकतचा चारा हे तीन आकडे स्वतः लिहावेत आणि वर्षाचा खर्च स्वतःच्या हाताने काढावा. एकूण आकडा पाहूनही ज्याची खरेदीची तयारी कायम राहील, त्यास जनावराची निवड, वय व दात यांविषयी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून मार्गदर्शन मिळवून द्यावे.